खड्ड्यात गेलेला तपास

'टेकिंग लाइव्हज' हा १९ मार्च २००४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला गुन्हेगारी रहस्यपट. दिग्दर्शक डी. जे. कारुसो, पटकथाकार जॉन बोकेनकँप, संगीत फिलिप ग्लास यांचे, खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर. यातील नायिका इलियाना स्कॉट, म्हणजे अँजेलिना जोली, एफबीआयमध्ये प्रोफाइलर आहेत. प्रोफाइलर म्हणजे खुन्याला न पाहता त्याचे वय, सवयी आणि स्वभाव सांगणारा तज्ज्ञ. बाईंना हे उत्तम जमते. अडचण एवढीच, की खुनी त्यांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि त्याला प्रत्यक्ष पाहिल्यावर बाईंना काहीही सांगता येत नाही.

हा चित्रपट एका मोठ्या कुळातला आहे. या कुळातली नायिका सरकारी तपास अधिकारी असते, खात्यातली सर्वांत हुशार असते आणि तिच्या आयुष्यात पूर्वी काहीतरी भयंकर घडून गेलेले असते. तिची हुशारी पडद्यावर दाखवत नाहीत. ती पहिल्या दहा मिनिटांत दुसऱ्या कोणी तरी सांगायची असते, बहुधा एखाद्या ज्येष्ठ अधिकाऱ्याने, दारात उभे राहून. भयंकर प्रसंग मात्र दाखवतात, तुकड्यातुकड्यांनी आणि निळ्या प्रकाशात. नायिका झोपत नाही. स्वयंपाकघरात जाते ती फक्त ग्लास भरायला. घरात कुंडी असलीच तर त्यातले झाड वाळलेले असते. वरिष्ठ तिला रजा घ्यायचा आग्रह करतात आणि ती घेत नाही. सरकारी नोकरीतला हा प्रसंग सिनेमाबाहेर कोणी पाहिल्याची नोंद नाही.

दुःखी तपास अधिकारी पुरुषांतही असतात, किंबहुना त्यांचे पीक जास्त. घटस्फोट झालेला, दाढी वाढलेला, कपाटात बाटली ठेवणारा हवालदार जगातल्या प्रत्येक भाषेत सापडतो. फरक दुःखाच्या उपयोगात आहे. पुरुषाचे दुःख त्याची नजर तीक्ष्ण करते. बाईच्या दुःखाने तिचा पाय घसरतो. तो दुःखी असल्यामुळे त्याला खुनी सापडतो, ती दुःखी असल्यामुळे तिला खुनी आवडतो.

कुळाचा मूळपुरुष म्हणजे अर्थातच एक स्त्री. 'द सायलेन्स ऑफ द लँब्स' १४ फेब्रुवारी १९९१ रोजी आला आणि चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी व पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर घेऊन गेला. त्यातली क्लॅरिस स्टार्लिंग अजून एफबीआयची प्रशिक्षणार्थी आहे. वडील लहानपणी मारले गेल्याचे आणि कोकरांच्या किंकाळ्यांचे दुःख तिच्याकडे आहे, पण ते ती कोणाला फुकट सांगत नाही. कोठडीतला नरमांसभक्षक हॅनिबल लेक्टर खुन्याबद्दल एक धागा देतो, तेव्हा ती एक आठवण देते. चक्क रोखीचा व्यवहार. आणि त्या धाग्यांवरून पुढे ती काम करते: पहिला बळी खुन्याच्या ओळखीतला असणार हे ताडते, त्या मुलीच्या घरी जाते, कपाटातले शिवणकाम पाहते आणि खुनी बळींच्या कातडीचे काय करतो आहे ते तिला कळते. शेवटी ती योग्य दारावर पोहोचते आणि खात्याची फौज चुकीच्या घरावर. नकलाकारांनी यातले धागे सोडले आणि आठवणी उचलल्या.

मूळ लेखकानेही पुढे फार वेगळे केले नाही. टॉमस हॅरिस यांच्या १९९९ च्या 'हॅनिबल' कादंबरीच्या शेवटी स्टार्लिंग लेक्टरचीच प्रेयसी होते. आधी स्टार्लिंग झालेल्या जोडी फॉस्टर यांनी या कादंबरीवरच्या २००१ च्या चित्रपटात काम करायचे नाकारले, ती भूमिका ज्युलियन मूर यांच्याकडे गेली आणि चित्रपटवाल्यांनी शेवट बदलला. म्हणजे नरमांसभक्षकाशी संसार थाटण्यात काहीतरी चुकते आहे, हे हॉलीवूडला २००१ मध्ये समजले होते. तीन वर्षांत ते विसरले गेले.

वास्तवाकडे सामग्रीची टंचाई होती, असे म्हणता येत नाही. जे. एडगर हूवर १९२४ पासून मे १९७२ मध्ये मरेपर्यंत एफबीआयचे प्रमुख होते. १९२० च्या दशकात खात्यात होत्या त्या मोजक्या महिला एजंट त्यांच्या काळात गेल्या आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे एकही घेतली गेली नाही. हूवर गेल्यावर दोनच महिन्यांत, जुलै १९७२ मध्ये, दोन महिला प्रशिक्षणाला दाखल झाल्या. त्यांतली एक पूर्वी नन होती आणि दुसरी अमेरिकेच्या मरीन दलातली. मठातून निघून पिस्तूल चालवायला शिकणारी बाई आणि तिच्या शेजारच्या पलंगावर मरीन: एवढ्यावर कोणीही चार चित्रपट काढले असते. हॉलीवूडने निद्रानाश निवडला.

२००४ साल या कुळाला विशेष भरभराटीचे गेले. 'टेकिंग लाइव्हज'च्या तीनच आठवडे आधी 'ट्विस्टेड' लागला होता. त्यात ॲश्ली जड सॅन फ्रान्सिस्कोच्या खूनतपास शाखेत आहेत. त्या रेड वाइन पिऊन रोज बेशुद्ध पडतात आणि शुद्धीवर आल्यावर त्यांचा एकेक जुना प्रियकर मेलेला सापडतो. वाइनमध्ये कोणी काही मिसळत असेल, ही शंका प्रेक्षकाला दुसऱ्या ग्लासात येते. खूनतपास शाखेला ती यायला बराच वेळ लागतो. त्या मानाने 'टेकिंग लाइव्हज' हा दर्जेदार चित्रपट आहे, आणि त्यामुळेच त्याची निराशा जास्त टोचते. 'ट्विस्टेड'कडून कोणाला काही अपेक्षा नव्हती.

कथानकाचे मूळ मायकल पाय यांच्या १९९९ च्या त्याच नावाच्या कादंबरीत आहे. एक तरुण माणसांना मारून त्यांचे आयुष्य जगतो. त्यांचे नाव, कागदपत्रे, पैसे सारे वापरतो आणि कंटाळा आला की पुढचा माणूस गाठतो. कादंबरीत हा तरुण डच आहे, गोष्ट पोर्तुगालपर्यंत जाते, आणि त्याच्या मागावर असतो संग्रहालयातला एक अधिकारी, आडनाव कोस्टा. एफबीआयच्या बाई कादंबरीत नाहीतच. त्या चित्रपटासाठी बाहेरून मागवल्या गेल्या. बाई आल्यावर पाठलाग करणाऱ्या कोस्टाला काम उरले नाही, म्हणून त्याला खुनी केले गेले. रूपांतर करताना पात्रे गाळतात, दोनाची एक करतात, हे नेहमीचे. शिकाऱ्यालाच सावजाच्या जागी उभे करण्याची काटकसर क्वचित दिसते.

चित्रपटाची सुरुवात मात्र खरोखर चांगली आहे. साल १९८३. मार्टिन ॲशर नावाचा पोरगा बसप्रवासात आपल्याच वयाच्या एका मुलाशी ओळख करून घेतो, दोघे मिळून गाडी घेतात, चाक पंक्चर होते आणि ॲशर त्या मुलाला येणाऱ्या वाहनापुढे लाथ मारून ढकलतो. मग त्याची गिटार घेऊन रस्त्याने गात निघतो. हा पोरगा झालेले पॉल डॅनो तेव्हा कोणाला माहीत नव्हते. ही काही मिनिटे संपली की डॅनो जातात आणि परत येत नाहीत. चित्रपटाचा बराचसा जीव त्यांच्याबरोबरच गिटार घेऊन निघून जातो.

वीस वर्षांनंतर मॉन्ट्रियलमध्ये एक प्रेत सापडते आणि तिथले इन्स्पेक्टर लेक्लेअर अमेरिकेतून इलियाना स्कॉट यांना बोलावतात. बाईंचे पहिले दर्शन प्रेक्षकाला होते ते प्रेत निघालेल्या खड्ड्यात. बाई तिथे उताण्या झोपल्या आहेत. मृताला शेवटी काय दिसले असेल, याचा अनुभव घेण्याचा हा प्रकार असावा. मृताला पुरण्याआधी मारले होते, त्यामुळे त्याला काहीच दिसले नसणार, हा मुद्दा कोणी काढत नाही. स्थानिक पोलीस वरून आदराने पाहत राहतात. पंचनाम्यात ही गोष्ट कशी नोंदवली असेल, हे चित्रपट सांगत नाही. पुढे बाई हॉटेलच्या खोलीत प्रेतांचे फोटो लावून त्यांच्या सोबतीने राहतात. या सगळ्यामुळे बाई विलक्षण आहेत हे सिद्ध होते. खून करणारा कोण, यावर त्याने उजेड पडत नाही.

खऱ्या प्रोफाइलिंगचा इतिहास फारच कोरडा आहे. एफबीआयने १९७२ मध्ये व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथे वर्तनविज्ञान शाखा काढली. रॉबर्ट रेस्लर आणि जॉन डग्लस हे अधिकारी तुरुंगांत फिरून शिक्षा भोगणाऱ्या ३६ खुन्यांशी बोलले, त्या मुलाखतींची टिपणे केली, गुन्ह्याच्या जागेशी ती ताडून पाहिली. काम बहुतांश टेबलावर, कागदांच्या गठ्ठ्यांत, आणि ज्या तळघरात चाले तिथे खिडक्याही नव्हत्या. खड्ड्यात झोपण्याची परंपरा शोधायचीच झाली तर ती या तळघरापाशी थांबते. निष्कर्षही सावध असत: अमुक वयाचा असावा, एकटा राहत असावा, त्याच भागातला असावा. हे शास्त्र कितपत खरे, यावर मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत. पण त्यातल्या सर्वांत भाबड्या पुरस्कर्त्यानेही संशयिताबरोबर जेवायला जा, असे कुठे लिहून ठेवलेले नाही.

कॅनडाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी वाढतात. अमेरिकेतही साधा खून हा त्या त्या ठिकाणच्या पोलिसांचा विषय, एफबीआय विनंतीवरून मदत करते. सीमेपलीकडे तर एजंटला अटकेचा अधिकारच नाही. पाहुणा म्हणून सल्ला द्यावा आणि परत जावे, इतपतच. शिवाय कॅनडाला सल्ल्याची अशी टंचाई होती असेही नाही. एकाच हाताने झालेले गुन्हे जुळवून पाहण्याची 'व्हिक्लास' ही संगणकप्रणाली कॅनडाच्याच पोलिसांनी १९९० च्या दशकात तयार केली आणि ती पुढे इतर देशांनी घेतली. गुन्ह्यांच्या जागांवरून गुन्हेगाराचे राहते ठिकाण काढण्याचे तंत्र किम रॉस्मो यांनी विकसित केले, आणि ते व्हँकुव्हरचे पोलीस अधिकारी. इतके असून मॉन्ट्रियलच्या पोलिसांनी अमेरिकेतून मागवले काय, तर खड्ड्यात झोपणारे माणूस.

ते पोलीस तरी मॉन्ट्रियलचे होते का, हा वेगळा मुद्दा. तिन्ही प्रमुख पोलिसांच्या भूमिका चेकी कार्यो, ऑलिव्हिए मार्टिनेझ आणि झाँ-ह्यूग अँग्लाद या फ्रान्सच्या नटांना दिल्या आहेत. क्युबेकची फ्रेंच आणि पॅरिसची फ्रेंच यांतले अंतर तिथल्या शेंबड्या पोरालाही कळते. नागपूरच्या पोलीस ठाण्यात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे सदाशिव पेठेत वाढलेले निघावेत आणि कोणालाच त्याचे आश्चर्य वाटू नये, असा हा प्रकार. तिघांपैकी मार्टिनेझ यांचा अधिकारी पॅकेट बाईंवर सतत खेकसतो. चित्रपट त्याला उद्धट ठरवतो, पण बाईंच्या कामाबद्दल त्याची जी मते आहेत, ती शेवटपर्यंत पाहता रास्त निघतात.

आता संशयितांकडे. रहस्यपटात ते चार-पाच तरी असावेत, म्हणजे प्रेक्षकाला चुकायला जागा राहते. इथे दोन आहेत. पहिला जेम्स कोस्टा, चित्रांचा व्यापारी, एका हल्ल्याचा साक्षीदार. ही भूमिका ईथन हॉक यांची. तो देखणा, घाबरट, बोलका आहे, पोलिसांना खुन्याचे चित्रही काढून देतो. दुसरा हार्ट नावाचा गूढ माणूस, म्हणजे कीफर सदरलँड. हा अंधारात उभा राहतो, गाडीतून टक लावून बघतो, आणि '२४' या मालिकेमुळे त्या काळी घराघरांत ओळखीचा असलेला चेहरा घेऊन जवळजवळ काहीच बोलत नाही. रहस्यपट पाहून डोळे पिकलेल्या कोणालाही दोन गोष्टी कळतात: इतका संशयास्पद माणूस निर्दोष असणार, आणि हॉक यांच्यासारखा नट निव्वळ साक्ष द्यायला घेतलेला नसणार. म्हणजे तपास श्रेयनामावलीतच पूर्ण होतो. बाईंना ती वाचायला मिळत नाही, ही त्यांची खरी अडचण. त्या कोस्टाची चौकशी करतात, त्याचे हावभाव निरखतात आणि त्याला साक्षीदार ठरवतात. पुढे तर त्यालाच आमिष म्हणून वापरून खुन्याला पकडण्याचा बेत आखला जातो. खुनी त्या बेतात मनापासून सहकार्य करतो.

चित्रपटातला एकमेव यशस्वी तपास खुन्याची आई करते. जीना रोलंड्स यांनी ही म्हातारी फार ताकदीने उभी केली आहे. मेला असे समजलेला मुलगा तिला वीस वर्षांनी क्युबेक सिटीच्या फेरीबोटीवर गर्दीत दिसतो. एका नजरेत ती त्याला ओळखते आणि पोलिसांना सांगते की तो जिवंत आहे आणि धोकादायक आहे. त्याचा जुळा भाऊ लहानपणी बुडून मेला होता आणि आईचा जीव त्या दुसऱ्यावर होता. म्हणजे खुन्याचा सगळा स्वभाव बाईंना घरबसल्या मिळाला. असा साक्षीदार हाती असताना कोणत्याही पोलीस ठाण्यात पहिले काम झाले असते ओळख परेडचे. प्रकरणाशी संबंध आलेल्या वीसएक जणांना एका रांगेत उभे करायचे आणि म्हातारीला बोट दाखवायला सांगायचे. चित्रपट चाळीस मिनिटांत आटोपला असता. ते होत नाही. पाठलागात हार्ट मरतो, त्याच्याकडे बोट दाखवून प्रकरण मिटवले जाते, आणि बाई कोस्टाला घेऊन हॉटेलच्या त्याच खोलीत जातात, जिथे भिंतीवर त्याने मारलेल्यांचे फोटो लावलेले आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच चित्रित झाली असेल.

दुसऱ्या दिवशी म्हातारी प्रेत ओळखायला येते आणि सांगते, हा माझा मुलगा नाही. जाताना लिफ्टमध्ये तिला तिचा मुलगा भेटतो. चित्रपटात झालेली ओळख परेड ती हीच, योगायोगाने झालेली आणि साक्षीदाराच्या जिवावर बेतलेली. लिफ्टचे दार उघडते, आत रक्ताने माखलेला कोस्टा, आणि तेव्हा कुठे एफबीआयला खुनी सापडतो. तो तिथूनही निसटतो. बाईंची नोकरी जाते.

मग पडदा सांगतो की सात महिने उलटले. पेन्सिल्व्हेनियातल्या एका शेतघरात बाई एकट्या राहत आहेत आणि गरोदर आहेत. अपेक्षेप्रमाणे खुनी येतो, संसाराची भाषा करतो, मग मारहाणीवर उतरतो आणि त्यांच्या पोटात कात्री खुपसतो. बाई शांतपणे ती कात्री उपसून त्याच्या छातीत खुपसतात. पोट खोटे होते! सात महिने रचलेला सापळा! इन्स्पेक्टर लेक्लेअर यांना फोन जातो, काम झाले म्हणून.

या सापळ्याचा थोडा बारकाईने विचार व्हायला हवा, कारण चित्रपट तो करत नाही. बाईंची सारी योजना एका गृहीतावर उभी होती: खुनी भोसकेल तर पोटातच भोसकेल. हा माणूस गेली वीस वर्षे वेगवेगळ्या रीतींनी माणसे मारत आला होता. त्याने कात्री चार बोटे वर मारली असती, किंवा गळा दाबायला घेतला होता तो तसाच पुढे दाबला असता, तर खोट्या पोटाचा उपयोग शवविच्छेदन करणाऱ्याला चकित करण्यापुरता राहिला असता. तरीही, गेल्या दीड तासात बाईंनी केलेले हे पहिले पोलिसी काम. वाण्याकडे, डाकवाल्याकडे, शेजाऱ्यांकडे पोट घेऊन वावरणे, दर महिन्याला ते थोडे वाढवणे, कोणी हात लावायला आले तर निसटणे, आणि तो नक्की येईल हे त्याच्या स्वभावावरून ओळखून वाट पाहणे: यात चिकाटी आहे, धाडस आहे, अभिनय आहे आणि प्रोफाइलिंगही आहे. नेमके हे सात महिने चित्रपटाने एका ओळीच्या पाटीत उरकले. बाई काम करत होत्या तेव्हा कॅमेरा नव्हता. कॅमेरा होता तेव्हा बाई खड्ड्यात होत्या.

समीक्षकांनी चित्रपटाला झोडपले. जगभरातून सुमारे साडेसहा कोटी डॉलर जमले, म्हणजे जाहिरातीचा खर्च धरला तर विशेष काही उरले नसावे. वर्षाच्या वाईट कामांना देण्यात येणाऱ्या रॅझी पुरस्कारांत जोली यांना 'अलेक्झांडर' आणि 'टेकिंग लाइव्हज' या दोन्ही चित्रपटांसाठी मिळून नामांकन मिळाले. तिथेही त्या हरल्या. पुरस्कार 'कॅटवुमन'साठी हॅली बेरी घेऊन गेल्या, आणि खरोखरच समारंभाला जाऊन घेऊन गेल्या. जोली यांच्यावर हा अन्यायच होता. पडद्यावर त्या एकट्याच गंभीरपणे विचार करताना दिसतात. विचार कशाचा करायचा, हे पटकथेने त्यांना कळवले नव्हते. चित्रपटाची वाढीव आवृत्ती पुढे डीव्हीडीवर आली. वाढ शृंगारात आहे, तपासात नाही.

कुळ मात्र वाढत राहिले. २०२१ मध्ये सीबीएस वाहिनीने खुद्द मूळ नायिकेवर 'क्लॅरिस' ही मालिका काढली. कोकरांच्या प्रकरणानंतर वर्षभराने, मानसोपचारतज्ज्ञापुढे बसलेली, दुःखाने खचलेली स्टार्लिंग. पण पात्रांचे हक्क दोन कंपन्यांत वाटले गेले असल्यामुळे हॅनिबल लेक्टरचे नाव घेण्याची मालिकेला मुभा नव्हती. जिच्या दुःखाचा निम्मा भाग त्या माणसाने उकरून काढला, तिने संपूर्ण मालिकाभर त्याचे नाव न घेता दुःख करायचे होते. तिने ते १३ भाग केले आणि मालिका बंद पडली.

'टेकिंग लाइव्हज'चे पटकथाकार बोकेनकँप यांचे पुढे चांगले झाले. २०१३ मध्ये त्यांची 'द ब्लॅकलिस्ट' ही मालिका सुरू झाली. तिच्यातही एफबीआयची तरुण प्रोफाइलर आहे, तिचाही भूतकाळ अंधारा आहे, आणि तिच्याही समोरच्या खुर्चीत अट्टल गुन्हेगार येऊन बसतो. या वेळी त्यांनी एक सुधारणा केली: गुन्हेगार पहिल्याच भागात स्वतःहून एफबीआयच्या दारात येतो, आपले नाव सांगतो आणि इतर गुन्हेगारही पकडून देतो. ही व्यवस्था दहा वर्षे चालली.